मधुमेह सुबत्तेचा रोग आहे, असं मी आता म्हणत नाही

मधुमेह हा सुबत्तेचा रोग आहे, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. दवाखान्यात सांगितलं, महिला मंडळांत सांगितलं, गणेशोत्सवातल्या आरोग्य शिबिरांत सांगितलं. हातात पैसा खेळू लागला, दारात गाडी आली, अंगमेहनत सुटली, खाणं वाढलं आणि पाठोपाठ रक्तातली साखर वाढली, अशी ती मांडणी होती. ऐकणाऱ्यांना ती चटकन पटायची, कारण तिच्यात एक शिकवणही होती: जिभेला लगाम घाला. आज माझं मत वेगळं आहे. जगभर मधुमेह ज्या वेगानं वाढतो आहे त्याचं मूळ मला आता सुबत्तेत कमी आणि टंचाईत जास्त दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या अन्नावर घडलेली शरीरं आणि त्यांच्यापुढे एकाएकी आलेलं स्वस्त, पोटभरीचं पण निकस अन्न, या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे हा रोग सर्वांत जोरात पसरतो.

मी पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. माझ्या मताला वैद्यकाच्या जगात फारसं वजन नाही, पण माझ्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या दृष्टीनं ते फार मोलाचं असतं. रोग खादाडपणातून आला असं डॉक्टर मानत असेल तर ती रुग्णाला दटावते, आणि दटावलेला माणूस पुढच्या वेळी खरं सांगत नाही, कधीकधी येतच नाही. रोग कुठून आला याविषयीचं मत बदललं की बोलण्याची सगळी रीतच बदलते. म्हणून माझं मत का आणि कशानं बदललं, हे मांडावंसं वाटतं.

जुन्या मताला भक्कम आधार होते. १८७०-७१ साली प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचे हाल झाले. त्या उपासमारीत आपल्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाल्याचं आपोलिनेर बुशार्दा या फ्रेंच वैद्यानं नोंदवलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला क्यूबात इंधन आणि अन्न दोन्ही तुटलं. लोक सायकली हाणू लागले, प्रौढांचं वजन सरासरी साडेपाच किलोंनी उतरलं आणि पुढच्या काही वर्षांत मधुमेहानं होणारे मृत्यू घटले. दिवस पालटून वजनं पुन्हा वाढली तसा मधुमेहही परतला. खाणं घटलं की रोग हटतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा होता?

ऊसपट्ट्यात राहणाऱ्या मला तर दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचं उदाहरण फारच जवळचं वाटे. १८६०पासून भारतीय मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांत गिरमिटावर नेले गेले. त्यांच्या वंशजांत मधुमेहाचं प्रमाण भारतातल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं दरबानच्या डॉ. कॅम्पबेल यांना दिसलं, आणि त्यांच्या आहारातली साखरही भारतातल्यापेक्षा कितीतरी जास्त होती. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर टी. एल. क्लीव्ह आणि कॅम्पबेल यांनी १९६६ साली पुस्तक लिहून पांढरी साखर आणि मैदा यांच्यावर ठपका ठेवला. आहार बदलल्यावर साधारण वीस वर्षांनी रोग डोकं वर काढतो, असं कॅम्पबेल यांचं निरीक्षण होतं. पुढे २०१३ साली संजय बसू आणि रॉबर्ट लस्टिग यांच्या गटानं १७५ देशांची आकडेवारी तपासली. दरडोई रोज १५० कॅलरी एवढी साखर, म्हणजे शीतपेयाच्या एका डब्यातली, जास्त उपलब्ध असेल तर मधुमेहाचं प्रमाण १.१ टक्क्यानं जास्त, असं त्यांना आढळलं. तेवढ्याच कॅलरी इतर अन्नातून आल्या तर तसं होत नव्हतं. हे सगळं वाचून मी साखरेला आणि साखर परवडणाऱ्या सुखवस्तूपणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

या मांडणीत न बसणारी पहिली गोष्ट पुस्तकातून आली नाही, ती माझ्या समोरच्या बाकावर बसलेली होती. ऊसतोडीला, खुरपणीला जाणाऱ्या बायका, गवंड्याच्या हाताखालचे मजूर, हमाल. अंगानं काटक, पोट थोडं सुटलेलं एवढंच. आणि उपाशीपोटीची साखर अडीचशे, तीनशे. त्यातल्या एका मावशींशी झालेलं बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं आहे. त्या म्हणाल्या, "बाई, मी साखरंला हात लावत न्हाई. च्या बी बिनसाखरंचा घेत्ये. मग वाढतीया कशी?"

मी त्यांना आदल्या दिवशी उठल्यापासून काय काय खाल्लं ते सांगायला लावलं. सकाळी चहा आणि त्यात बुडवून दोन-तीन बटर. कामावर फडक्यात बांधून नेलेल्या चार चपात्या आणि बटाट्याची सुकी भाजी. दुपारी शेतमालकाकडचा चहा. संध्याकाळी चहा-बिस्किट. रात्री ताटभर भात आणि वर आमटी. आमटीत डाळ किती, विचारलं तर त्यांनी मूठ करून दाखवली, आणि ती घरातल्या पाच माणसांत. दूध? "म्हस हाय की. पर दूध सम्दं डेरीला जातंय." अंडी? "पोरांना, कवातरी." त्या दिवसभरात खादाडपणा कुठेच नव्हता. गहू, तांदूळ, मैदा आणि बटाटा होता, दुसरं जवळपास काहीच नव्हतं. जाता जाता वय विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळातली म्हणत्यात मला. आई खडी फोडायला जायची, तवा मी पोटात."

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो बायका रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होत्या आणि सुकडी, मिलो खाऊन जगत होत्या. एका बाईचा आजार त्या दुष्काळातून आला असं कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही, मीही सांगत नाही. पण सुबत्तेचा रोग असं मी ज्याला म्हणत होते, तो या बाईच्या आयुष्यात कोणत्या सुबत्तेतून आला असावा, हा प्रश्न मला टाळता येईना.

मग मी आकड्यांकडे नव्यानं पाहिलं. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करणाऱ्या एनसीडी रिस्क फॅक्टर कोलॅबरेशन या शास्त्रज्ञांच्या गटानं २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की २०२२ साली जगात ८२ कोटी ८० लाख प्रौढांना मधुमेह होता. १९९० साली होता त्याच्या चौपट. त्याहून बोलका तपशील असा, की जपान, कॅनडा, फ्रान्स, डेन्मार्क अशा काही श्रीमंत देशांत प्रमाण जवळपास स्थिर आहे किंवा थोडं उतरलं आहे, आणि मोठी वाढ कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहे. रोग सुबत्तेतून येत असता तर जिथे सुबत्ता मुरली आहे तिथे तो वाढत राहायला हवा होता. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली आला आणि राज्यांत गोवा २६.४ टक्क्यांसह सर्वांत वर निघालं. त्याच पाहणीच्या २०१७च्या अहवालातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: चंडीगड, महाराष्ट्र आणि तमिळनाडूच्या शहरी भागात मधुमेहाचं प्रमाण वरच्या थरापेक्षा खालच्या आर्थिक थरात जास्त होतं. ज्या दुखण्याला मी बंगल्यातलं समजत होते, ते माझ्याच राज्यात चाळीत आणि झोपडपट्टीत जास्त होतं.

यामागचं शरीरशास्त्र उलगडायला मदत झाली ती पुण्याची. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं शेजारी शेजारी उभं छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'नं छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखीच भरणारी दोन माणसं आतून किती निराळी असू शकतात, हे त्या एका पानावर दिसतं.

हा फरक कधीपासून असतो? याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गर्भारपणाच्या आधीपासून अभ्यास केला. या बायकांचं गर्भारपणापूर्वीचं सरासरी वजन जेमतेम बेचाळीस किलो. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर तुलनेला घेतलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची. बाळांच्या खांद्याच्या पात्याखाली चिमटा लावून कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली. पुण्याकडच्या बाळाचं पोट बारीक, दंड बारीक, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू मार खाल्लेले. पण पाठीवरच्या चरबीत तशी घट नव्हती. अन्न कमी पडलं तेव्हा गर्भातल्या शरीरानं स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखली. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबी धरलेलं हे बाळ पुढे जगभरच्या वैद्यकीय लेखनात 'थिन-फॅट', म्हणजे बारीक पण चरबीचं, भारतीय बाळ म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

स्नायू म्हणजे जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं ठिकाण. ते जन्मापासूनच तोकडं असेल, तर जास्तीचं अन्न जाणार कुठे? न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर यांच्या संशोधनातून दिसतं, की कातडीखाली चरबी साठवायची प्रत्येकाची एक मर्यादा असते. ती संपली की चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात शिरते आणि इन्शुलिनचं काम बिघडवते. घरातली कणगी लहान असेल तर दोन पोती जास्तीचं धान्यही ओसरीवर येऊन पडतं, आणि मोठी असेल तर दहा पोतीही सामावतात. माझ्या बाकावरच्या काटक माणसांना तीनशे साखर कशी, याचं पटणारं उत्तर मला इथे मिळालं. त्यांची कणगीच लहान घडवली गेली होती.

एकदा ही नजर आली, की मी स्वतः दाखला म्हणून देत असे ती उदाहरणंच वेगळं बोलू लागली. नाउरू हे प्रशांत महासागरातलं एकवीस चौरस किलोमीटरचं बेट. फॉस्फेटच्या खाणींनी तिथे अमाप पैसा आला, लोक बाहेरून आणलेला तांदूळ, साखर आणि डबाबंद मांस खाऊ लागले, आणि १९७५ साली पॉल झिमेट यांच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला. सुबत्तेचा रोग म्हणून याहून नामी उदाहरण नाही, असं मला वाटे. पण त्या सुबत्तेच्या एक पिढी आधी तिथे काय झालं होतं? दुसऱ्या महायुद्धात जपाननं ते बेट घेतलं आणि सुमारे १,२०० नाउरूवासीयांना दूरच्या ट्रूक बेटावर मजुरीला नेलं. भूक, रोगराई आणि कष्ट यांतून १९४६ साली परत आले ते ८००हून कमी. त्या बेटाची कथा फॉस्फेटच्या पैशांपासून सुरू करायची की त्या उपासमारीपासून, हे ठरवताना मी आता उपासमारीपासून सुरू करते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पिमा आदिवासींचंही तसंच. हे लोक गिला नदीच्या पाण्यावर कालवे काढून गहू, मका, घेवडा पिकवणारे, गावोगावच्या प्रवाशांना धान्य पुरवणारे शेतकरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी नदीचं पाणी वळवलं. शेती करपली, उपासमार आली, आणि पुढे सरकारी शिध्यात पांढरं पीठ, डुकराची चरबी आणि साखर मिळू लागली. १९६५ पासून अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं त्यांचा अभ्यास केला, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावं असं निघालं. याचं खापर बरीच वर्षं त्यांच्या जनुकांवर फोडलं गेलं. पण त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावी राहतात, अजून शेतात राबतात, मका-घेवडा-बटाटा खातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मेक्सिकोतल्या पिमांत मधुमेह ६.९ टक्के होता आणि ॲरिझोनातल्या पिमांत ३८ टक्के. जनुकं तीच, रक्त तेच. एकांची नदी शाबूत राहिली, दुसऱ्यांची गेली.

उपासमार आणि पुढे मधुमेह यांचा संबंध आता बऱ्याच ठोसपणे दिसतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नकोंडी केली. त्या महिन्यांत आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीत आली तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर इतरांपेक्षा जास्त निघाली. १९३२-३३च्या भीषण दुष्काळात युक्रेनमध्ये गर्भावस्थेच्या पहिल्या महिन्यांत असलेल्यांना टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती, हे एल. एच. लुमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली एक कोटीहून अधिक जन्मांच्या नोंदी वापरून दाखवलं. आईच्या पोटात असताना पडलेल्या दुष्काळाची खूण माणूस साठ-सत्तर वर्षं अंगावर वागवतो.

मग साखर निर्दोष सुटली का? मुळीच नाही, आणि इथे मला नेमकं बोलायला हवं. ब्रिटनमध्ये महायुद्धामुळे आलेलं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि साखरेचा खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या मागेपुढे जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला रेशनची मोजकी साखर आली, त्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता, आणि ज्यांना झाला त्यांना सरासरी चार वर्षं उशिरा झाला. साखर दोषी आहेच. पण तिचा सर्वांत खोल घाव कदाचित चाळिशीतल्या माणसाच्या जिलबीतून होत नसावा, तान्ह्या बाळाच्या आणि त्याच्या आईच्या आहारातून होत असावा.

साखर की चरबी, भात की तेल, या भांडणात मीही बरीच वर्षं हिरिरीनं बोलले. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३०च्या दशकात चरबीकडे बोट दाखवलं, क्लीव्ह यांनी साखरेकडे. एकच आरोपी शोधायचा तर ओकिनावाचं काय करायचं? त्या जपानी बेटावरचे लोक पूर्वी रताळ्यांवर जगत, ऐंशी टक्क्यांहून जास्त कॅलरी कर्बोदकांतून घेत, आणि त्यांच्यात मधुमेह फार थोडा होता. पण ते राबणारे लोक होते, पोटाला तडस लागेपर्यंत खात नव्हते, आणि रताळं आख्खं, सालासकट निसर्गातून यायचं. दळून, पॉलिश करून, तळून, पुड्यात भरून येत नव्हतं. एकाच पदार्थाला फाशी दिल्यानं प्रश्न सुटत नाही, हे मला आता पटलं आहे.

आपल्या ताटाबद्दलचं माझं एक ठाम मतही यातून सैल झालं. भात-चपाती सोडा आणि ज्वारी-नाचणीची भाकरी धरा, हा सल्ला मी सर्रास देत असे. भाकरी मला आजही प्रिय आहे आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा ती चांगलीच. पण 'इंडियाब'च्या आहारविषयक अभ्यासातून २०२५ साली पुढे आलं, की भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून अवघ्या १२ टक्के. एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसतं गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं तर धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातल्या थोड्या कॅलरी डाळी-कडधान्यं किंवा दूध-दही यांतून आल्या तेव्हा तो कमी दिसला. म्हणजे माझ्या मावशींना चपातीऐवजी भाकरी सांगून भागणार नव्हतं. त्यांच्या आमटीत डाळ हवी होती आणि डेरीला जाणाऱ्या दुधातलं पावशेर घरात राहायला हवं होतं.

डाळ आणि दूध महाग आहे. तांदूळ आणि गहू रेशनवर येतो. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, २०२३ पासून ते फुकट मिळतं, आणि त्यानं कोट्यवधी घरांतली भूक भागली. मी या कायद्याच्या बाजूची आहे. पण हक्क धान्याचा आहे, डाळीचा नाही. ज्याच्या हातात पैसा कमी, त्याच्या ताटात जे स्वस्त तेच वाढणार. अशा माणसाला जिभेवर ताबा ठेवायला सांगणं मला आता अन्यायाचं वाटतं.

बदललेल्या मताचा एक धोकाही मला दिसतो. सगळं गर्भातच ठरलं तर आता हातात काय उरलं, असं कुणी म्हणेल. हातात पुष्कळ आहे. चीनच्या दाछिंग शहरात १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना सहा वर्षं आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन मिळालं. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षं पुढे ढकलला गेलेला होता आणि हृदयविकारानं होणारे मृत्यूही कमी होते. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात काही महिने अगदी कमी कॅलरींचा आहार घेऊन वजन उतरवल्यावर वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना आटोक्यात होती. मला अधिक उमेद देणारा प्रयोग त्यानंतरचा. लठ्ठ नसलेल्या २० रुग्णांवर टेलर यांच्याच गटानं तो केला आणि थोडं वजन घटवून त्यांतल्या १४ जणांची साखर औषधांशिवाय ताब्यात आली. कणगी लहान असली तरी ओसरीवर सांडलेलं धान्य उचलता येतं. म्हणून चाला, रात्रीचा भात निम्मा करा, चहाबरोबरचं बटर-बिस्किट सोडा, हे मी आजही सांगते. सांगण्याचा सूर तेवढा बदलला आहे. पूर्वी मी ते चुकलेल्या माणसाला सांगत असे. आता ते मी अशा माणसाला सांगते, ज्याच्या शरीराला जन्माआधीपासून थोडक्यात भागवायची सवय लावली गेली आणि ज्याला आता निकस अन्नाच्या ढिगाला तोंड द्यावं लागतं आहे.

आणि जो सल्ला पूर्वी माझ्या तोंडून कधी निघत नसे तो आता पहिल्यांदा निघतो: मुलीला आणि सुनेला नीट जेवू घाला. पुण्याजवळच्या त्याच गावांत दिसलं, की आईनं किती कॅलरी खाल्ल्या यापेक्षा तिच्या आहारात पालेभाज्या, फळं आणि दूध होतं का, यावर बाळाची वाढ जास्त अवलंबून होती. ज्या बायकांना गर्भारपणात जड कष्ट उपसावे लागले त्यांची बाळं अधिक बारकी होती. निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वाधिक होती. ती मुलं तेव्हा पहिलीच्या वर्गात बसत होती. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई आपल्या नातवंडांचा मधुमेहही त्या ताटात वाढून घेत असते, असं मला आता वाटतं.

म्हणून माझा आग्रह आता वेगळ्या जागी आहे. रेशनच्या दुकानात गहू-तांदळाबरोबर डाळ मिळावी. शाळेतल्या पोरांना आठवड्याला अंडं मिळावं. २०२५च्या जानेवारीत राज्य सरकारनं पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी थांबवला, तो पुन्हा सुरू व्हावा, आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना दूध मिळावं. मेक्सिकोनं २०१४ साली गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला, तसं इथेही गोड पेय महाग आणि डाळ स्वस्त, अशी घडी बसावी. मुलीची उंची, वजन, हिमोग्लोबिन आणि बी-१२ लग्न ठरायच्या कितीतरी आधी, शाळेतच तपासलं जावं. यातलं काहीही रुग्णाच्या जिभेवर अवलंबून नाही. ते आपल्या सगळ्यांवर, आपण कशासाठी पैसा खर्च करतो आणि कशासाठी सरकारकडे भांडतो यावर अवलंबून आहे. रुग्णाला दटावण्यात माझा जो वेळ जात असे, तो मी आता या भांडणाला द्यायचं ठरवलं आहे.